पांगो पांगो ते डेट्रॉईट: एका सामोअन लाइनमनची वाट



फुटबॉलचा सीझन आला की आपल्यापैकी अनेकांच्या घरी रविवारी दुपारी वरणभाताबरोबर टीव्हीवर मॅच चालू असते. इथे नवीन आल्यावर "पाय कमी आणि हात जास्त, मग याला फुटबॉल का म्हणायचं?" ही शंका प्रत्येकाने काढलेली असते. मग सोमवारी ऑफिसात बोलायला विषय हवा म्हणून आपण बघायला लागतो. क्वार्टरबॅक कोण, टचडाउन कशाला म्हणतात ते कळतं आणि दोन-चार वर्षांत चटकही लागते. पण बघतो काय, तर बॉल. बॉल ज्याच्या हातात तो हिरो.

आज ज्यांच्या हातात बॉल नसतो त्यांच्याबद्दल लिहितो आहे. मी बरीच वर्षं डेट्रॉईटच्या उपनगरात राहतो, गाड्यांच्या धंद्यात नोकरी करतो आणि इथल्या हवापाण्याचा परिणाम म्हणून लायन्सचा भक्त आहे. (२००८ साली सोळापैकी सोळा मॅचेस हरलेल्या टीमची भक्ती म्हणजे काय तपश्चर्या, ते मिशिगनकरांना वेगळं सांगायला नको :-)) २०२१ मध्ये लायन्सनी पेनेई सूएल नावाचा वीस वर्षांचा सामोअन मुलगा ड्राफ्टमध्ये सातव्या नंबरवर घेतला. त्याच्या निमित्ताने सामोआ, तिथल्या शाळा आणि तिथून एनएफएलपर्यंतचा रस्ता यांबद्दल वाचत गेलो. वाचता वाचता लक्षात आलं की यात खेळ निम्माच आहे. उरलेली निम्मी गोष्ट घर सोडून लांब जाणाऱ्या माणसांची आहे, म्हणून हा लेखप्रपंच.

लाइनमनचं काम काय?

ज्यांना हा खेळ नीट ठाऊक आहे त्यांनी हा परिच्छेद सोडून पुढे जावं. आक्रमण करणाऱ्या टीमचे अकरा जण मैदानात असतात, त्यातले पाच ऑफेन्सिव्ह लाइनमन. मधला सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, आणि टोकाला दोन टॅकल. सेंटर बॉल मागे देतो, तेवढाच काय तो या पाचांचा बॉलशी संबंध. समोरून धावून येणाऱ्या दीडशे किलोच्या गड्यांना अडवणं आणि आपल्या क्वार्टरबॅकला तीन-साडेतीन सेकंद मिळवून देणं, हे त्यांचं काम. समोरच्याला धरून ठेवायचं नाही, ओढायचं नाही. तसं केलं तर दहा यार्डांचा दंड होतो आणि रेफरी माइकवर नंबर पुकारतो. लाइनमनचा नंबर बहुतेक वेळा तेव्हाच ऐकू येतो. साठ वेळा बरोबर केलं तर कुणाला पत्ता नाही, एकदा चुकलं की सगळ्या स्टेडियमला कळतं. आपल्यातल्या सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटर मंडळींना ही नोकरी ओळखीची वाटेल.

समोरच्या बाजूचे, म्हणजे अडथळा फोडून आत घुसणारे, ते डिफेन्सिव्ह लाइनमन. त्यांचं नाव निदान अधूनमधून घेतलं जातं. सामोअन मुलं या दोन्ही बाजूंना दिसतात, आणि त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने फार जास्त दिसतात.

किती जास्त? २०१० च्या जानेवारीत सीबीएसच्या 'सिक्स्टी मिनिट्स' कार्यक्रमात अमेरिकन सामोआवर एक भाग झाला. त्यात एक अंदाज सांगितला गेला: सामोअन आईबापांच्या पोटी जन्मलेला मुलगा एनएफएलमध्ये पोचण्याची शक्यता अमेरिकेतल्या इतर मुलांच्या ५६ पट आहे. तेव्हापासून हा आकडा सगळीकडे फिरतो, आणि त्याच्यामागे लगेच एक वाक्य येतं: "त्यांच्या रक्तातच आहे."

रक्त, की रस्ता?

या वाक्याचा जरा समाचार घेऊ.

नकाशावर हवाईपासून नैर्ऋत्येला सुमारे ४,२०० किलोमीटर खाली आलं की सामोआची बेटं लागतात. १८९९ मध्ये जर्मनी, अमेरिका आणि ब्रिटन यांनी एक करार केला आणि ही बेटं वाटून घेतली. पश्चिमेकडची जर्मनीला, पूर्वेकडची अमेरिकेला. ब्रिटनने दुसरीकडची बेटं पदरात पाडून घेऊन इथून अंग काढलं. पश्चिमेचा भाग १९१४ मध्ये न्यूझीलंडच्या ताब्यात गेला आणि १९६२ मध्ये स्वतंत्र देश झाला. पूर्वेचा भाग आजही अमेरिकेचा आहे. दोन्हीकडे भाषा एक, नातीगोती एक, चालीरीती एक. मधलं अंतर साधारण सव्वाशे किलोमीटर. (२०११ च्या डिसेंबरअखेर पश्चिम भागाने तारखेची रेषा ओलांडली, त्यामुळे आता इकडे शनिवार असतो तेव्हा तिकडे रविवार असतो.)

आता खेळ बघा. न्यूझीलंडच्या छायेत वाढलेल्या आपियामध्ये पोरं रग्बी खेळतात. १९९१ च्या वर्ल्डकपमध्ये या चिमुकल्या देशाने वेल्सला त्यांच्याच कार्डिफमध्ये १६-१३ असं हरवलं होतं. आणि अमेरिकेच्या छायेत वाढलेल्या पांगो पांगोमध्ये पोरं फुटबॉल खेळतात. (स्पेलिंगमध्ये 'पागो' दिसतं, पण सामोअन भाषेत 'ग'चा उच्चार 'ंग' असा होतो.) रक्त तेच, खेळ वेगळा. कुठला दरवाजा कुठे उघडतो, त्यावर कोण काय खेळणार ते ठरलं.

शरीराचा भाग अजिबात नाही असं मी म्हणत नाही. २०१६ मध्ये 'नेचर जेनेटिक्स'मध्ये एक अभ्यास आला होता. अनेक सामोअन लोकांमध्ये सापडणारा, पण बाकी जगात दुर्मिळ असलेला एक जनुकीय बदल वजन वाढण्याशी जोडलेला आहे, असं त्यात दिसलं. पण तोच बदल आपियातही आहे. आणि मोठं शरीर म्हणजे लाइनमन नव्हे, जसं उंच माणूस म्हणजे फास्ट बोलर नव्हे. लाइनमनला खाली वाकून, पाठ सरळ ठेवून, छोटी छोटी पावलं टाकत मागे सरकता यावं लागतं. हात नेमके समोरच्याच्या छातीवर, आतल्या बाजूला बसावे लागतात. कोल्हापूरच्या तालमीत हजार बैठका मारलेल्या पैलवानाला विचारा, नुसत्या वजनावर कुस्ती होते का म्हणून.

इथे एक किस्सा सांगतो. आमचे चिरंजीव सध्या दहावीत आहेत आणि शाळेच्या ज्युनियर टीममध्ये दुसऱ्या फळीतले गार्ड आहेत. (बाहेर बसण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही, पण हौस दांडगी.) मागच्या वर्षी एका शुक्रवारी कुंपणाशी उभा राहून मॅच बघत होतो. शेजारी एक भला गोरा गृहस्थ होता. सूएलचा विषय निघाला तेव्हा तो म्हणाला, "ही माणसं या खेळासाठीच जन्माला येतात." आणि पुढे कौतुकानेच म्हणाला, "तुमची मुलं कशी गणितासाठी जन्माला येतात, तसं!"

मी हसून सोडून दिलं, पण ते वाक्य डोक्यात राहिलं. माझ्या वडिलांनी रोज संध्याकाळी दिवेलागणीला समोर बसवून तीसपर्यंतचे पाढे म्हणून घेतले, पावकी-निमकीसकट. एक आकडा चुकला की पहिल्यापासून. आमच्या पोराच्या मागे त्याची आई शनिवारी सकाळी वर्कशीट्स घेऊन बसायची. "जन्मजात" म्हटलं की ही सगळी वर्षं एका फटक्यात पुसली जातात. कौतुक वाटतं खरं, पण त्यात मेहनतीचा हिशेबच उरत नाही. सामोअन मुलांचं नेमकं हेच होतं.

बेटावरचे दरवाजे

अमेरिकन सामोआचं क्षेत्रफळ सुमारे २०० चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईच्या एक तृतीयांश. २०२० च्या जनगणनेप्रमाणे लोकसंख्या ४९,७१०. आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी.

या लोकांचा पासपोर्ट अमेरिकेचा असतो. अमेरिकेत कुठेही राहायला आणि काम करायला त्यांना व्हिसा लागत नाही. एच-वनच्या रांगेत आयुष्य काढलेल्यांना हे ऐकून हेवा वाटेल. पण पुढची गंमत ऐका. बेटावर जन्मलेला माणूस जन्माने अमेरिकेचा 'नॅशनल' असतो, 'सिटिझन' नसतो. यूटा किंवा कॅलिफोर्नियात येऊन वीस वर्षं टॅक्स भरला तरी रीतसर अर्ज करून नागरिक झाल्याशिवाय राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत मत देता येत नाही. यावर काही जण कोर्टात गेले. खालच्या कोर्टात जिंकले, वरच्या कोर्टात हरले, आणि २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला. बेटावरचं सरकारही या बदलाच्या विरोधात होतं, कारण तिथली जमीन पिढ्यान्‌पिढ्या कुटुंबांच्या सामाईक मालकीची आहे आणि अमेरिकेचा पूर्ण कायदा लागू झाला तर ती हातची जाईल अशी भीती आहे. गुंता सोपा नाही.

पोटापाण्याचे दरवाजे मोजके. एक सरकारी नोकरी, दुसरा ट्यूना मासे डबाबंद करणारा कारखाना. २९ सप्टेंबर २००९ रोजी त्सुनामी आली, बेटावर ३४ माणसं गेली. त्याच सुमारास दोन मोठ्या कारखान्यांपैकी एक, आधी जाहीर झाल्याप्रमाणे, बंद पडला आणि दोन हजारांवर लोकांची नोकरी गेली. एवढ्याशा बेटावर दोन हजार नोकऱ्या जाणं म्हणजे काय, याची कल्पना करा. तिसरा दरवाजा अमेरिकेच्या सैन्याचा. लोकसंख्येच्या प्रमाणात सैन्यात भरती होणाऱ्यांमध्ये हे बेट नेहमी अगदी वर असतं. आणि चौथा दरवाजा फुटबॉलचा.

हा चौथा दरवाजा फार जुना नाही. अल लोलोताई हा एनएफएलमधला पहिला सामोअन, १९४५ मध्ये वॉशिंग्टनकडून खेळला. तोही लाइनमनच. नंतर तो बेटावर परतला आणि शाळांमध्ये हा खेळ रुजवायला त्याने हातभार लावला. शालेय फुटबॉल तिथे सुरू झालं ते १९६० च्या दशकाच्या अखेरीस. म्हणजे ज्याला "रक्तातलं" म्हणतात तो खेळ बेटावर येऊन साठ वर्षंही झालेली नाहीत!

समोआना, तफुना, लेओने, फांगाइतुआ अशा मोजक्या सरकारी हायस्कुलांच्या टीम्स. मैदानात ज्वालामुखीचे खडे, जुनी हेल्मेटं, आणि शनिवारी मॅच बघायला निम्मं बेट हजर. घरी तर शिस्त कडक. सामोअन जगण्याच्या पद्धतीला ते 'फआ सामोआ' म्हणतात. त्यात 'आइंगा' म्हणजे विस्तारित कुटुंब आणि 'मताई' म्हणजे कुटुंबाचा प्रमुख. पोरांनी पहाटे उठून अंगण झाडायचं, रविवारच्या जेवणासाठी तापलेल्या दगडांची भट्टी लावायची, मोठ्यांना आधी वाढायचं, मग आपण जेवायचं. संध्याकाळी प्रार्थनेच्या वेळी गावात सगळे घरात. 'तौतुआ', म्हणजे सेवा, हा त्यांच्याकडे मोठा शब्द. ज्याला पुढे अधिकार हवा त्याने आधी सेवा करावी, असं तिथे लहानपणापासून शिकवतात. दुसऱ्याला वाट करून द्यायची आणि आपण नाव न घेता मागे राहायचं, हे लाइनमनचं काम अशा घरातल्या मुलाला समजावून सांगायला फारसा वेळ लागत नसावा.

तीन पिढ्या, तीन वाटा

बेटावरून एनएफएलला सरळ रस्ता नाही. मधे कॉलेज हवं. ते मिळवायच्या तीन तऱ्हा तीन माणसांवरून सांगतो.

पहिला जेसी सापोलू. जन्म १९६१ चा, आपियातला. आईवडील लहानपणीच त्याला घेऊन होनोलुलूला आले. कालीही वस्तीतल्या फॅरिंग्टन हायस्कूलमध्ये खेळला, मग युनिव्हर्सिटी ऑफ हवाई. १९८३ च्या ड्राफ्टमध्ये अकराव्या फेरीत त्याला सॅन फ्रान्सिस्कोने घेतलं. आता फेऱ्या सातच असतात, म्हणजे आजच्या हिशेबाने त्याला कुणी घेतलंच नसतं. लहानपणी ऱ्हुमॅटिक तापाने हृदयाची झडप बिघडलेली. त्या हृदयानिशी तो सेंटर आणि गार्ड म्हणून खेळला आणि चार सुपर बोल जिंकला. ही वाट म्हणजे बेट सोडून हवाईत स्थायिक व्हायचं आणि तिथून पुढे सरकायचं.

दुसरा आयझॅक सोपोआंगा, जो पेनेई सूएलच्या नात्यातलाच. हा पांगो पांगोच्या समोआना हायस्कूलचा. बेटावरच्या मुलांची इथे खरी अडचण होते. मोठ्या युनिव्हर्सिटीत खेळायचं तर एनसीएएच्या नियमाप्रमाणे हायस्कूलमध्ये ठरावीक सोळा विषय, त्यात पुरेसे मार्क. घरी सामोअन बोलणाऱ्या, शाळेत इंग्रजी शिकणाऱ्या मुलाला हे जड जातं. शिवाय हवाईपर्यंतच विमानाने पाच-सहा तास, आणि विमानं आठवड्यातून मोजकी. कुठला कोच एवढ्या लांब येऊन बघणार? म्हणून मग आधी कॅलिफोर्नियातलं दोन वर्षांचं कम्युनिटी कॉलेज. सोपोआंगा लॉस एंजेलिसच्या उत्तरेला सँटा क्लॅरिटातल्या 'कॉलेज ऑफ द कॅन्यन्स'मध्ये आला, तिथून युनिव्हर्सिटी ऑफ हवाई, आणि २००४ मध्ये चौथ्या फेरीत सॅन फ्रान्सिस्को. याच कॉलेजातून बेटावरचे आणखी दोन लाइनमन वर आले. तफुनाचा जोनाथन फानेने २००५ मध्ये आणि समोआनाचाच डोमाटा पेको २००६ मध्ये. पेको मधली दोन वर्षं आमच्या मिशिगन स्टेटला, ईस्ट लॅन्सिंगच्या थंडीत काढून गेला! पुढे पेको आणि फानेने सिनसिनाटीत एकाच लाइनमध्ये उभे राहिले. पेको तर एकूण पंधरा सीझन खेळला.

हा प्रकार आपल्याला अनोळखी नाही. आधी एक जण जातो. तो कॉलेज, घरमालक, स्वस्त किराणा शोधून ठेवतो. मग त्याच्या मागून दुसरा, तिसरा. आपल्यापैकी किती जण असेच कुणाच्या तरी अपार्टमेंटमध्ये सतरंजीवर पहिला महिना झोपले असतील!

तिसरा पेनेई सूएल. जन्म ऑक्टोबर २००० चा, मालाएइमी गावातला. चार भाऊ, एक बहीण. २०१२ मध्ये आईवडिलांनी अख्खं बिऱ्हाड उचललं आणि यूटाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातल्या सेंट जॉर्जला नेलं. मुलांना इथे शाळेत खेळायला मिळालं तर कॉलेजची दारं उघडतील हा हिशेब. यूटात मॉर्मन चर्चमुळे पॉलिनेशियन लोकांची वस्ती जुनी आहे, त्यामुळे अगदीच परकं वाटलं नसावं. पण कोकणासारख्या धो धो पावसाच्या हिरव्या बेटावरून लाल वाळवंटात! पेनेई अकरा-बारा वर्षांचा होता.

हिशेब बरोबर ठरला, आणि एका मुलापुरता नाही. गेब्रियल नेव्हाडाकडून कॉलेजात खेळला. नेफाय न्यू ऑर्लीन्सकडून आणि नोआ शिकागोकडून एनएफएलपर्यंत पोचले. पेनेई डेझर्ट हिल्स हायस्कूलमधून ओरेगॉनला गेला आणि पहिल्याच वर्षी, सतरा वर्षांचा असताना, लेफ्ट टॅकल म्हणून पहिल्या मॅचपासून उभा राहिला. उजव्या हाताने फेकणाऱ्या क्वार्टरबॅकची पाठ ज्या बाजूला असते ती ही जागा. शिकाऊ पोराला सहसा तिथे ठेवत नाहीत. ओरेगॉनचे तेव्हाचे मुख्य कोच मारियो क्रिस्टोबाल स्वतः जुने टॅकल, त्यामुळे लाइनवर त्यांचा डोळा बारीक. २०१९ मध्ये सूएलला देशातल्या सर्वोत्तम लाइनमनची आउटलँड ट्रॉफी मिळाली. ओरेगॉनच्या इतिहासात ती पहिलीच. २०२० चा सीझन तो कोविडमुळे खेळला नाही, आणि २०२१ च्या एप्रिलमध्ये डेट्रॉईटला आला.

आल्या आल्या त्याला सांगितलं, आता उजव्या बाजूला खेळायचं. बघणाऱ्याला वाटेल त्यात काय, एका टोकावरून दुसऱ्या टोकावर. पण पुढचं पाऊल मागचं होतं, जोर लावायचा हात बदलतो. आयुष्यभर उजव्या हाताने सही करणाऱ्याला डाव्या हाताने करायला सांगावं तसं. प्री-सीझनमध्ये तो चाचपडला आणि पेपरांत लगेच शंका सुरू झाल्या. तेवढ्यात लेफ्ट टॅकल जायबंदी झाला, म्हणून पहिल्या आठ मॅचेस पुन्हा डावीकडे. तो परतल्यावर पुन्हा उजवीकडे. एकविसाव्या वर्षी हे सगळं निमूटपणे करून २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षी तो ऑल-प्रो संघात पहिल्या क्रमांकावर आला. २०२३ च्या सीझनमध्ये लायन्सनी ३२ वर्षांनंतर प्लेऑफची मॅच जिंकली. त्या रात्री आमच्या गल्लीत फटाके वाजत होते, दिवाळी म्हणा ना. एप्रिल २०२४ मध्ये त्याचा चार वर्षांचा नवा करार झाला. ११२ मिलियन डॉलर, पैकी ८५ मिलियन हमीचे. तोपर्यंत कुठल्याही ऑफेन्सिव्ह लाइनमनला वर्षाला इतके पैसे मिळाले नव्हते.

किंमत

इथे थांबलो तर ही नुसती यशोगाथा होईल. पण बिलाचा दुसरा भागही बघायला हवा.

देशात सुमारे दहा लाख मुलं हायस्कूल फुटबॉल खेळतात. ड्राफ्टमध्ये दरवर्षी अडीचशेच्या थोडी वर निवडली जातात. सामोअन मुलांची शक्यता ५६ पट म्हटली तरी मूळ आकडा इतका बारीक आहे की बहुतेकांना ते दार लागत नाही. घरापासून हजारो मैलांवर कम्युनिटी कॉलेजात गुडघा गेला, डिग्री अर्धी राहिली, परतीच्या तिकिटाला पैसे नाहीत, अशांची नावं लेखात येत नाहीत. त्यात आता मोठ्या कॉलेजांचे कोच हायस्कूलच्या कच्च्या मुलापेक्षा दुसऱ्या कॉलेजातून तयार झालेला खेळाडू घेणं पसंत करतात, म्हणजे बेटावरच्या मुलासाठी फट आणखी अरुंद. २०२१ च्या जुलैपासून कॉलेजच्या खेळाडूंना आपल्या नावावर पैसे कमावता येऊ लागले. सूएल ड्राफ्टमध्ये निवडला गेला त्याच्या दोन महिन्यांनंतर! ओरेगॉनसाठी त्याने जे केलं त्याचा मोबदला स्कॉलरशिप, बस्स.

जे पोचतात त्यांच्या पगारावर 'आइंगा'चा हक्क असतो. लग्न, मयत, चर्चचं बांधकाम, मताईचा सोहळा, अशा प्रत्येक प्रसंगाला कुटुंबाने मिळून द्यायच्या वर्गणीला 'फआलावेलावे' म्हणतात. मूळ अर्थ अडचण किंवा गुंता! देण्यात अभिमान असतो आणि दडपणही. गावी घराचा स्लॅब, चुलतबहिणीचं लग्न आणि कुणाच्या तरी अँजिओप्लास्टीसाठी पैसे पाठवलेल्यांना हा शब्द समजावून सांगायची गरज नाही.

आणि शेवटी डोकं. ज्युनियर सेआऊ हा सामोअन वंशाचा सगळ्यात लाडका खेळाडू. लाइनमन नव्हे, लाइनबॅकर. त्याचे आईवडील अमेरिकन सामोआतले. २ मे २०१२ रोजी, वयाच्या ४३ व्या वर्षी, त्याने स्वतःचं जीवन संपवलं. २०१३ च्या जानेवारीत तपासणीचा निष्कर्ष आला: मेंदूला सीटीई, म्हणजे डोक्यावर वारंवार बसणाऱ्या आघातांशी जोडलेला आजार. २०१७ मध्ये बॉस्टन युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी मरणोत्तर दान केलेल्या मेंदूंचा अभ्यास छापला. एनएफएल खेळाडूंच्या १११ मेंदूंपैकी ११० मध्ये हा आजार सापडला. शंका होती अशांच्याच घरच्यांनी मेंदू दिले असणार, त्यामुळे हे प्रमाण सरसकट सगळ्यांना लावता येत नाही. पण धडकी भरायला पुरेसं आहे. आणि लाइनमनच्या बाबतीत काळजी वेगळी. त्याला एखादी मोठी टक्कर लागतेच असं नाही. प्रत्येक प्लेला छोटी टक्कर लागते, मॅचमध्ये साठ वेळा, आणि सराव वेगळाच.

मिशिगनमध्ये २०१३ पासून कायदा आहे. मूल शाळेत असा खेळ खेळणार असेल तर डोक्याच्या दुखापतीबद्दलची माहिती वाचल्याची सही आईवडिलांनी करावी लागते. आमच्या घरी ऑगस्टमध्ये तो कागद आला तेव्हा सौ.ने तो दोनदा वाचला आणि म्हणाली, "अहो, त्या लोकांकडे दुसरा रस्ता नव्हता म्हणून ते यात उतरले. आपल्या पोराकडे दहा रस्ते आहेत. मग ही सही आपण कशासाठी करतोय?"

त्या रात्री आम्ही तिघं टेबलाशी बसून बोललो. पोराचं म्हणणं असं की त्याला एनएफएलला जायचं नाही, त्याला त्या पाचांपैकी एक व्हायचंय. शाळेत बाकी सगळीकडे तो एकटाच पहिला येण्यासाठी धडपडतो, इथे एकट्याने काही करताच येत नाही. सही झाली, पण अटींवर. डोक्याला काहीही झालं तर त्याच दिवशी सांगायचं, आणि अकरावीला पुन्हा पहिल्यापासून चर्चा. सौ.चा प्रश्न मात्र अजून टेबलावरच आहे आणि तो तिथेच असावा असं मलाही वाटतं. सूएलच्या आईवडिलांनी २०१२ मध्ये सामान बांधताना असा प्रश्न स्वतःला विचारला असेल का, आणि विचारला असेल तर त्यांच्यासमोर उत्तरं किती होती, हे डोक्यातून जात नाही. आपल्या निवडीला आपण हौस म्हणू शकतो, ही आपल्या आधीच्या पिढीने उपसलेल्या कष्टांची कमाई आहे.

जाता जाता एक आठवण. ११ डिसेंबर २०२२, मिनेसोटाविरुद्ध मॅच, शेवटची काही मिनिटं. डेट्रॉईटला सात यार्ड हवे होते. लाइनमनला रेफरीला आधी कळवलं तरच पास झेलता येतो. सूएलने कळवलं आणि दीडशे किलोचा हा गडी लाइनवरून सुटून बाजूला धावत गेला. क्वार्टरबॅकने त्याच्याकडे बॉल टाकला आणि त्याने तो झेलून नऊ यार्ड काढले. मॅच खिशात! स्टेडियम वेडं झालं. एवढ्या वर्षांत हजारो वेळा दुसऱ्यासाठी वाट मोकळी करून दिली, त्यातल्या एका प्लेला बॉल त्याच्या हातात होता.

पुढच्या वेळी डेट्रॉईटची मॅच लागली की एक करून बघा. बॉल मागे गेल्यावर तीन सेकंद बॉलकडे बघू नका. ५८ नंबरकडे बघा. त्याची पावलं बघा, हात कुठे बसतात ते बघा. आणि शेजारी कुणी "रक्तातच आहे" म्हणालं तर त्याला सव्वाशे किलोमीटरवरच्या रग्बीची गोष्ट जरूर सांगा.

कळावे, लोभ असावा.

डेट्रॉईटच्या उपनगरातून,
आपला एक लायन्सभक्त